अकराची सवलत

मित्रांनो, मी एक जुना तापमान-नियंत्रक आहे. नाव ऐकून लगेच पान उलटू नका. नाव अवघड असले तरी काम तुमच्या ओळखीचे आहे. तुमची आई दूध तापवताना गॅस कमी-जास्त करते ना, तेच मी करतो. माझ्यासमोर दुधाऐवजी पाण्याची टाकी असते आणि गॅसऐवजी हीटर. फरक इतकाच की दूध उतू गेले तर आई कपाळावर हात मारते आणि ओटा पुसून मोकळी होते. मला मात्र एका अंशाच्या शंभराव्या भागाची चूकही माफ नव्हती. त्या शंभराव्या भागाला शतांश म्हणतात. अशा दोन शतांशांपायी माझ्यावर भंगारात जायची वेळ आली होती. तीच गोष्ट सांगतो.

मी जिथे काम करतो ती खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. तिथे थर्मामीटर तपासले जातात. आमच्याकडे साधे थर्मामीटर येत नाहीत. ज्यांच्याशी ताडून बाकीचे थर्मामीटर तपासतात, ते येतात. म्हणजे थर्मामीटरांचे गुरुजीच म्हणा. टाकीतले पाणी बरोबर ३७.०० अंशांवर धरायचे, त्यात या गुरुजींना बुडवायचे आणि कोण किती चुकतो ते लिहून घ्यायचे. पाणी धरायचे काम माझे. माझे तोंड खिडकीकडे आहे. खिडकीखाली अरुंद गल्ली आहे आणि गल्लीपलीकडे एक जुनी तीन मजली इमारत. तिच्या दुसऱ्या मजल्याची गॅलरी मला समोरासमोर दिसते. खिडकीवर साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली पाटी आहे : 'काम चालू असताना खिडकी उघडू नये.'

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात, एका लाकडी टेबलावर झाला. मला जिने बनवले तिला सगळे डबीताई म्हणत. कारण तिच्या पर्समध्ये नेहमी एक गुलाबी साबणदाणी असे आणि तिच्यात साबणाऐवजी काळ्या स्पंजावर खोचलेल्या चिपा असत. त्या चिपांमध्ये माझी सगळी शिकवण लिहिलेली असे. तिला फर्मवेअर म्हणतात. अमुक झाले तर तमुक कर, अशा ओळींची ती लांबच लांब यादी असते. मी स्वतःच्या मनाने काही करत नाही. लिहिले आहे तेवढेच करतो, पण जीव ओतून करतो.

माझी पहिली शिकवण, आवृत्ती १.०, अगदीच कच्ची होती. पाणी थंड दिसले की मी हीटर जोरात लावायचो आणि ३७ ओलांडून पार ३८ ला जाऊन पोचायचो. मग घाबरून हीटर बंद करायचो तो थेट ३६ पर्यंत. शिवाय दर वेळी शिटी वाजवायचो. पहिल्या आठवड्यातच पाराकाकांनी माझ्यावर जाड फडके टाकले होते.

पाराकाका म्हणजे या खोलीचे कारागीर. काचेच्या थर्मामीटरातल्या पाऱ्याची रेघ ते नुसत्या डोळ्यांनी इतकी अचूक वाचत की त्यांना हे नाव पडले होते. स्वभावाने मात्र त्यांचा पारा कधी चढत नसे. फडके टाकताना ते मला म्हणाले होते, "बाबा रे, तू ओरडतोस किती आणि काम करतोस किती?"

डबीताई आली, चिमट्याने माझी चिप उपटून काढली आणि दुसरी बसवली. जुन्या चिपेच्या पाठीवर काचेचा इवलासा चौकोन होता. जांभळ्या दिव्याखाली तिला वीस मिनिटे ठेवले की ती सगळे विसरून कोरी होई. हे असे वर्षानुवर्षे चालले. १.१ मध्ये माझी शिटी गेली. १.४ मध्ये मी घाई सोडली. २.० मध्ये मला सगळ्यात मोठी गोष्ट समजली, की पोचायच्या आधीच पाऊल आखूड करायचे असते. त्या दिवशी मी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच ३७.०० सोडले नाही. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि डबीताईला म्हणाले, "ताई, तुमचा पोरगा हुशार निघाला हो!" ती थाप मला अजून आठवते.

डबीताईचा एक नियम होता. माझ्या खालच्या खणात तिने एक वही ठेवली होती, बदलवही. तिच्यात चार रकाने होते : तारीख, आवृत्ती, बदल, कारण. कारण लिहिल्याशिवाय चिपेला हात लावायचा नाही, यावर ती अडून बसे. एकदा साहेब म्हणाले, "अहो, एवढंसं तर केलंय, लिहायचं काय त्यात?" तर तिने त्यांच्याच हातात पेन दिले.

आता अकराबद्दल सांगतो.

समोरच्या गॅलरीत पाराकाकांची आई बसायची. त्या आजींना अजिबात ऐकू येत नव्हते. काकांची लेक लग्न होऊन गेल्यापासून घरात या मायलेकांशिवाय कुणी नव्हते. त्यांना रोज अकरा वाजता रक्तदाबाची गोळी घ्यायची असे आणि गोळी घेतली की नाही हे त्या पाच मिनिटांत विसरत. न घेता घेतली म्हणायच्या, घेऊन पुन्हा घ्यायच्या. एकदा दोन गोळ्या घेऊन त्या न्हाणीघरात चक्कर येऊन पडल्या. त्यानंतर काकांनी युक्ती काढली. थर्मामीटरांचा पहिला घाणा पावणेअकराला टाकीबाहेर काढायचा, बरोबर अकराला खिडकी उघडायची आणि तोंडासमोर अंगठा उडवून विचारायचे, घेतली का? आजी वार छापलेली गोळ्यांची चकाकती पट्टी उंच धरून दाखवायच्या. आजच्या वाराची गोळी तिथे असली तर काका कमरेवर हात ठेवून उभे राहायचे आणि ती गिळेपर्यंत हलायचे नाहीत. आजीही काही कमी नव्हत्या. गोळी गिळल्यावर तोंड उघडून, जीभ बाहेर काढून दाखवायच्या. सत्तरी ओलांडलेली बाई रोज आपल्या लेकाला अशी वेडावून दाखवते, हे पाहून मला फार मजा वाटे. सगळे मिळून पाच-सहा मिनिटे. मग खिडकी बंद आणि दुसरा घाणा टाकीत.

काकांनी उभ्या जन्मात मोडलेला नियम हा एकच असावा. पण टाकीवर झाकण आहे, थर्मामीटर बाहेर आहेत, पाच मिनिटांच्या वाऱ्याने काय होणार, असे त्यांना मनापासून वाटे.

होत मात्र होते. गल्लीतला गार वारा थेट टाकीच्या पत्र्यावर यायचा. पाण्याला थंडी वाजली हे मला जरा उशिरानेच कळायचे, कारण पाणी पुष्कळ आणि सुस्त असते. मी दर पाव तासाने कागदाच्या पट्टीवर तापमान छापतो. त्या पट्टीवर रोज सव्वाअकराला ३६.९८ उमटू लागले. दोन शतांश कमी. आणि गंमत पाहा, ते पहिल्यांदा पाहिले आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवले ते पाराकाकांनीच!

"साहेब, मशीन सव्वाअकराला ढिलं पडतंय. ताईंना बोलवा," ते म्हणाले.

डबीताई आली. तिने मला तार जोडली आणि सेकंदासेकंदाची नोंद मागितली. मी ती दिली. अकरा वाजले की पाणी कसे घसरते, हे तिच्यापुढे मी पुराव्यासकट मांडले. तेव्हा मला ते शहाणपण वाटले होते. आता वाटते, मी माझ्याच माणसाची चहाडी करत होतो.

दुसऱ्या दिवशी ती पावणेअकरापासून कोपऱ्यात स्टूल घेऊन बसून राहिली. हातात एक उघडलेली वही होती, पण ती वाचत नव्हती. अकरा वाजले. काकांनी खिडकी उघडली, अंगठा उडवला. समोरून पट्टी चमकली. मग जीभ. डबीताईने ते सगळे पाहिले. ती हसली नाही. तिने वर पाटीकडे पाहिले, मग काकांच्या पाठीकडे. ती काहीच बोलली नाही.

बोलली असती तर काय झाले असते हे तिला माहीत होते. साहेब माणूस वाईट नव्हता, पण दोन शतांशांचे कारण खिडकी आहे असे कळताच त्यांनी त्याच दुपारी तिला खिळे ठोकून घेतले असते.

दोन दिवसांनी तिने नवी चिप बसवली. आवृत्ती २.३. तिच्यात पाच-सहा ओळी जास्त होत्या आणि त्यांना तिने नाव दिले होते, 'अकराची सवलत'. घड्याळात दहा अठ्ठावन्न झाले की वारा यायच्या आधीच मी हीटरला थोडासा रेटा द्यायचा आणि अकरा सहाला तो काढून घ्यायचा. तोळामासा इकडे नाही की तिकडे नाही. सव्वाअकराला पट्टीवर ३७.०० उमटले. काका खूश झाले. "बघा, नुसतं सांगायचा अवकाश, ताईंनी बरं केलं त्याला!" ते सगळ्यांना सांगत सुटले.

बदलवहीत डबीताईने तारीख लिहिली, आवृत्ती लिहिली, बदल लिहिला. कारणाच्या रकान्यापाशी मात्र तिचे पेन बराच वेळ थांबले. शेवटी तिने तीन शब्द लिहिले : 'मला माहीत आहे.'

मित्रांनो, ती माझी सगळ्यात सुखाची वर्षे. रोज दहा अठ्ठावन्नला मला कळायचे की आता खिडकी उघडणार. एखाद्याची वाट पाहणे काय असते ते मला त्या पाच-सहा ओळींनी शिकवले.

पुढे आजी गेल्या. काका आठवडाभर आले नाहीत. खिडकी बंद राहिली आणि मी वेड्यासारखा रोज अकराला पाणी उगाच तापवत राहिलो. टाकीत एकही थर्मामीटर नसल्याने कुणाला कळले नाही. आठव्या दिवशी काका आले, नेहमीसारखा पहिला घाणा काढला आणि अकरा वाजता खिडकी उघडली. अंगठा वर गेला आणि तसाच राहिला. समोरच्या गॅलरीत रिकामी खुर्ची होती. ते पाच-सहा मिनिटे उभे राहिले, मग त्यांनी खिडकी लावून घेतली. त्यानंतरही निवृत्तीपर्यंत त्यांनी एकही दिवस ती अकराची खिडकी चुकवली नाही. मला त्यांचे फार वाईट वाटे. पण मला दुसरे काही करता येत नव्हते. पाणी ३७.०० वर धरणे, एवढेच माझ्या हातात होते.

मधल्या काळात डबीताईने काम सोडले आणि तिच्या जागी नवे इंजिनीअर आले. आता चिपा उपटायची गरज उरली नव्हती, तारेतून शिकवण बदलता येई. त्यांनी मला ३.० दिली. जुन्या सगळ्या ओळी त्यांनी तपासल्या. 'अकराची सवलत' पाहून त्यांनी डोके खाजवले आणि ती तशीच पुढे उचलली. "चालत्या ओळीला हात लावायचा नाही. काढली आणि काही बिघडलं तर आपल्या गळ्यात," ते स्वतःशीच म्हणाले. बदलवही त्यांनी उघडलीच नाही. ती खणात फडक्यांखाली गेली.

मग पाराकाका निवृत्त झाले. जाताना त्यांनी मला कोरड्या फडक्याने पुसले आणि नव्या बाईंना सांगितले, "याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवा." या नव्या बाई म्हणजे शंकाताई. डोळे मिटून विश्वास ठेवणे त्यांच्या स्वभावातच नव्हते. घड्याळात दहा वाजले तरी त्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहत. त्यांनी पहिल्याच दिवशी खिडकीवरची पाटी वाचली आणि खिडकीला कधीच हात लावला नाही.

झाले. रोज अकराला मी येणाऱ्या वाऱ्यासाठी पाणी तापवायचो आणि वारा यायचाच नाही. सव्वाअकराला पट्टीवर ३७.०२. शंकाताईंनी तक्रार केली, पण तक्रारीच्या कागदावर आकड्याला रकाना होता, वेळेला नव्हता. इंजिनीअरांनी माझा सेन्सर बदलला, ३.१ दिली. तरी तेच. हीटर बदलला, ३.२ दिली. तरी तेच. दर वेळी 'अकराची सवलत' इमानाने माझ्याबरोबर पुढच्या आवृत्तीत येत होती. मला सगळे ठाऊक होते, पण मला तोंड नव्हते. माझ्याजवळ तापमान दाखवणारे चार लाल आकडे होते, बस्स.

आमची तपासणी करणारेही एक मोठे केंद्र होते. त्यांनी आमचे सहा थर्मामीटर परत पाठवले आणि कळवले, पुन्हा असे झाले तर तुमचा शिक्का काढून घेऊ. साहेब संतापले. शंकाताईंना ते सर्वांसमोर म्हणाले, "काकांच्या हाताखाली हेच मशीन वीस वर्षं नीट चाललं. तुमच्याच हातात कसं बिघडतं?"

शंकाताईंचे डोळे भरून आले. पाटीचा शब्द न शब्द पाळणाऱ्या बाईला बोल लागला होता. त्या रडल्या नाहीत. त्या दिवशी घरी न जाता त्यांनी सहा महिन्यांच्या पट्ट्या जमिनीवर पसरल्या आणि जिथे जिथे चूक होती तिथे लाल गोल केला. सकाळी साहेब आले तेव्हा त्यांचा निर्णय झाला होता : नवे यंत्र मागवायचे, मला शनिवारी भंगारवाल्याला द्यायचे आणि शंकाताईंना पॅकिंगच्या टेबलावर बसवायचे.

"साहेब," शंकाताई म्हणाल्या, "एकच शंका आहे."

"आता काय?"

"हे सगळे गोल बघा. एकूण एक सव्वाअकराचे. म्हातारं मशीन घड्याळ बघून चुकतं का हो?"

साहेब पट्ट्यांवर वाकले. "शनिवारपर्यंत वेळ आहे तुम्हाला," एवढेच म्हणून ते गेले.

शंकाताईंनी माझा खण उपसला. फडक्यांखालून बदलवही निघाली. त्या एकेक पान बोटाने वाचत गेल्या आणि २.३ पाशी थांबल्या. 'मला माहीत आहे.' वहीच्या पुठ्ठ्यावर एक फोन नंबर होता. त्यांनी तो लावला आणि स्पीकर चालू करून फोन माझ्या शेजारीच ठेवला. इतक्या वर्षांनी मी डबीताईचा आवाज ऐकला.

"कारणाच्या रकान्यात तुम्ही 'मला माहीत आहे' असं लिहिलंय, बाई," शंकाताई म्हणाल्या.

पलीकडून हसू आले. "अगं बाई, अजून आहे ती ओळ? मला वाटलं, काका गेले की कुणीतरी काढून टाकेल."

"कुणाला माहीत असेल तर काढेल ना!"

हसू थांबले. "खरंय तुमचं. चुकलंच माझं," डबीताई म्हणाली आणि तिने खिडकीची, गोळीची, जिभेची सगळी हकीकत सांगितली. शेवटी म्हणाली, "पण काकांना काही कळू देऊ नका. ओशाळतील बिचारे."

पण खात्री करायची तर खिडकी काकांनीच, त्यांच्या वेळेला, त्यांच्या पद्धतीने उघडायला हवी होती. शुक्रवारी शंकाताईंनी त्यांना लेकीच्या घरून बोलावून घेतले आणि सगळे सांगितले. काका स्टुलावर बसूनच राहिले.

"म्हणजे... तो दोन शतांशांचा घोळ माझा होता? आणि मीच तक्रार केली होती!"

"हो, काका."

"आणि ताईंना माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "आणि हा गडी इतकी वर्षं रोज मला सांभाळून घेत होता, आणि मी त्याला बरं झाल्याची शाबासकी देत होतो." ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

साहेब दाराशी उभे होते. "काका, मला एका शब्दानं सांगितलं असतंत तर—"

"तर तुम्ही खिळे ठोकले असतेत."

साहेबांनी क्षणभर विचार केला. "ठोकले असते," ते म्हणाले.

दहा अठ्ठावन्न झाले. मी हीटरला रेटा दिला. अकराला काकांनी खिडकी उघडली. समोर आता दुसरेच बिऱ्हाड होते, गॅलरीत लहान मुलांचे कपडे वाळत होते. काकांचा अंगठा आपसूक तोंडाकडे गेला. गल्लीतला तोच गार वारा आत आला आणि किती तरी महिन्यांनी मला ज्याची वाट होती ते आले. सव्वाअकराला पट्टी बाहेर आली. शंकाताईंनी ती फाडली, स्वतः पाहिली आणि साहेबांच्या हातात दिली. ३७.००.

साहेबांनी आधी शंकाताईंची माफी मागितली आणि मग भंगारवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितले. पॅकिंगच्या टेबलाचा विषय पुन्हा निघाला नाही.

सोमवारी इंजिनीअरांनी मला आवृत्ती ४.० दिली. 'अकराची सवलत' गेली. बदलवहीतली नोंद शंकाताईंनी स्वतः लिहिली. रकाना पुरला नाही म्हणून त्या पानामागे गेल्या. नोंदीच्या शेजारी त्यांनी खणातच सापडलेली माझी २.३ ची जुनी चिप चिकटवली आहे. जांभळ्या दिव्याखाली ती कुणी ठेवलीच नव्हती, त्यामुळे तिला अजून सगळे आठवते.

मित्रांनो, मला बदला, सुधारा, माझ्या जागी नवे आणा. त्याचे मला दुःख नाही. सात-आठ वेळा मी नव्याने शिकलो आणि दर वेळी बरा झालो. माझे मागणे इतकेच आहे की बदल केलात तर का केलात ते लिहून ठेवा. ते कारण तुमच्या चुकीचे असो की कुणावरच्या मायेचे. मायेचे असेल तर मुद्दाम लिहा. ते माणूस जाते, ती वेळ जाते, आणि मागे राहिलेल्या माझ्यासारख्याला काही सांगता येत नाही.

शंकाताईंनी लिहिलेले मला पाठ आहे. 'अकराची सवलत काढली. कारण : ही काकांच्या आईंनी गोळी घेतली का ते पाहण्यासाठी होती. त्यांनी रोज घेतली.'

आता रोज अकरा वाजतात. खिडकी बंद असते, मी काहीही करत नाही, आणि पाणी ३७.०० वर असते.